पडण्याच्या धोक्याचे मापन (वृद्धांमधील)
वृद्ध व्यक्ती पडण्याची शक्यता चाचण्या व उपकरणांनी आधीच अजमावणे. एक साधी चाचणी १९९१ ची: खुर्चीतून उठायचे, ३ मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे, १२ सेकंद वा अधिक लागले तर धोका मानण्याची पद्धत रूढ आहे. कमरेला बांधलेल्या मोबाइलमधील त्वरणमापक वळतानाचे डोलणेही टिपतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ च्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत घरोघरी तोल, मुठीची पकड आणि चालीचा वेग मोजला. सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात मात्र सपाट फरशीवरचा आकडा अपुराच. इथली म्हातारी माणसे पावसाळ्यात बांधीच्या (भातखाचराच्या) निसरड्या धुऱ्यावरून (बांधावरून) जातात, आणि सैल, खोलगट बाजेवरून उठायला खुर्चीपेक्षा जास्त जोर लागतो.