टोकियोचा भूकंप आणि बंदोबस्ताचे पहिले दिवस

भूकंप, महापूर किंवा महामारी यांसारखें संकट कोसळलें असतां सरकारचें कर्तव्य काय, या प्रश्नाचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें. अगोदर बंदोबस्त, मग अन्नपाणी, आणि सर्वांत शेवटीं पुनर्रचना. हा क्रम इतका स्वाभाविक वाटतो कीं, बंदोबस्त कोणाच्या रक्षणासाठीं व कोणाच्या विरुद्ध, हें विचारण्यास सहसा कोणी थांबत नाहीं. जपानांतील १९२३ सालच्या भूकंपाचा इतिहास या दृष्टीनें आम्हांस फार मननीय वाटतो. त्याची हकीकत सांगतांना बहुधा दोनच गोष्टींवर भर दिला जातो. एक आगीचा प्रलय, आणि दुसरी सात वर्षांत नव्यानें उभी राहिलेली राजधानी. या दोहोंच्या मध्यें जे कांहीं थोडे दिवस गेले, त्यांचाच विचार येथें मुख्यतः कर्तव्य आहे.

१ सप्टेंबर १९२३ हा शनिवार होता. दुपारचे बारा वाजण्यास दोन मिनिटें उरलीं असतां सगामी उपसागराखालची भूमि हादरली. घरोघर जेवणाची वेळ असल्यामुळें शेगड्या पेटलेल्या, घरें लांकडाचीं, आणि त्यांत उत्तरेकडून जाणाऱ्या एका वादळामुळें वारा सोसाट्याचा. शेंकडों ठिकाणीं लागलेली आग ३ तारखेच्या सकाळपर्यंत विझली नाहीं व टोकियो शहराचा सुमारें ४४ टक्के भाग तिनें गिळला. होंजो भागांत सैन्याच्या कपड्यांच्या कोठाराचें एक मोकळें पटांगण होतें. जीव वांचविण्यासाठीं लोक तेथें गाठोडीं, गाद्या, सामानसुमान घेऊन दाटीवाटीनें जमले. त्या सामानावरच ठिणग्या पडल्या, आगीची वावटळ उठली, आणि त्या एका जागीं सुमारें ३८,००० माणसें जळून मेलीं. सर्व प्रदेशांतील मृतांची संख्या आतां १,०५,००० च्या सुमारास धरतात. योकोहामा शहर तर जवळजवळ नाहींसेंच झालें.

या वेळीं जपानास पंतप्रधान नव्हता. काटो तोमोसाबुरो हे २४ ऑगस्ट रोजीं वारले होते आणि यामामोतो गोन्नोह्योए यांची मंत्रिमंडळाची जुळवाजुळव चालू होती. नव्या मंत्र्यांचा शपथविधि २ तारखेच्या संध्याकाळीं अकासाका राजवाड्याच्या बागेंत, उघड्यावर, उरकण्यांत आला. टेलिफोन व तारायंत्रें बंद, बहुतेक छापखाने जळालेले, आणि पोलिसांची मुख्य कचेरीहि आगींत गेलेली. म्हणजे सरकारचे डोळे आणि कान गेले होते, हात मात्र शाबूत होते. कारण लष्कर हाताशीं होतें. पुढील सर्व अनर्थाचें मूळ आम्हांस या विषम स्थितींत दिसतें.

पहिल्या दिवसाच्या संध्याकाळपासूनच कंड्या पिकूं लागल्या. कोरियन लोक आगी लावीत आहेत, विहिरींत विष टाकीत आहेत, टोळ्या करून शहरावर चालून येत आहेत, अशा त्या कंड्या होत्या. त्यांत तथ्य नव्हतें. पण त्या रुजण्यास जमीन तयार होती. १९१० सालीं जपाननें कोरिया आपल्या राज्यास जोडला होता. १९१९ सालीं तेथें झालेली स्वातंत्र्याची चळवळ रक्तपातानें दडपली होती. आणि ज्याच्यावर आपण अन्याय केला तो सूड घेईल ही भीति जेत्याच्या मनांत नेहमींच वसत असते. ज्यांच्याकडे त्या घटकेस बंदोबस्ताचीं सूत्रें होतीं ते गृहमंत्री मिझुनो रेंतारो व पोलिसप्रमुख आकाइके आत्सुशी हे दोघेहि थोड्याच वर्षांपूर्वीं कोरियांतील राज्यकारभारांत उच्च पदांवर होते. स्वतः पाहिलेल्या बंडाच्या आठवणींतूनच ते टोकियोकडे पाहत होते, असें म्हटल्यास तें अन्यायाचें होणार नाहीं.

२ तारखेस, प्रिव्ही कौन्सिलची रीतसर बैठक न भरवितां, आणीबाणीच्या राजाज्ञेनें लष्करी कायद्याचीं कलमें राजधानीस लागू करण्यांत आलीं. दोन दिवसांत तीं शेजारच्या प्रांतांसहि लागू झालीं. मग ३ तारखेच्या सकाळीं फुनाबाशी येथील आरमारी बिनतारी केंद्रावरून गृहखात्याच्या पोलिस विभागाचा संदेश सर्व प्रांताधिकाऱ्यांस गेला. कोरियन लोक टोकियोंत आगी लावीत आहेत, सबब त्यांच्या हालचालींवर कडक नजर ठेवावी, असा त्याचा आशय होता. हा संदेश म्हणजे या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचा कागद होय असें आमचें मत आहे. तोंपर्यंत जी रस्त्यावरची गप्प होती, तिच्यावर आतां सरकारी शिक्का बसला. घाबरलेल्या माणसास सरकार धीर देतें अशी आपली समजूत असते. येथें सरकारनें माणसाच्या भीतीला पुरावा दिला.

गांवोगांव आणि गल्लोगल्लीं ‘जिकेइदान’ म्हणजे स्वसंरक्षणाचीं पथकें उभीं राहिलीं. त्यांत माजी सैनिक, आग विझविणारे, तरुण मंडळांचे सभासद, असे चारचौघांतले लोक होते. सैतामा प्रांताच्या अधिकाऱ्यांनीं तर तशीं सिद्धता करण्याची सूचनाच गांवांस धाडली होती. हातांत बांबूचे भाले, तलवारी, आगीच्या वेळीं वापरण्याचे आंकडे घेऊन हीं पथकें नाक्यांवर वाटसरूंस अडवीत. संशयितास ‘जूगोएन गोजिस्सेन’, म्हणजे पंधरा येन पन्नास सेन, असें म्हणावयास लावीत. कोरियन जिभेस त्यांतील ‘ज’ व ‘ग’ हे शब्दारंभींचे घोष वर्ण कठिण जात. उच्चार चुकला कीं माणूस संपला. एवढ्याशा वर्णोच्चारावर जीव टांगून ठेवणारी ही परीक्षा स्वकीयांसहि सोडीना. चिबा प्रांतांतील फुकुदा गांवीं ६ सप्टेंबर रोजीं कागावा प्रांताहून आलेल्या पंधरा फिरत्या औषधविक्यांना अडविण्यांत आलें. ते जपानीच, पण बोली दूरची. त्यांपैकीं नऊ जणांना ठार मारण्यांत आलें. त्यांत लहान मुलें व एक गर्भवती होती. चिनी मजुरांचीहि ओशिमा भागांत शेंकड्यांनीं कत्तल झाली.

हें सर्व बेभान जमावाचें कृत्य होतें असें म्हणून सुटतां येत नाहीं. कामेइदो येथें पोलिसांनीं पकडलेल्या हिरासावा केइशिची, कावाई योशितोरा प्रभृति दहा कामगार कार्यकर्त्यांना लष्करी शिपायांनीं ठार केलें. १६ सप्टेंबर रोजीं, म्हणजे आगी विझून दोन आठवडे होत आले असतां, लष्करी पोलिसांचा कॅप्टन आमाकासु मासाहिको यानें अराज्यवादी ओसुगी साकाए, लेखिका इतो नोए आणि ओसुगीचा सहा वर्षांचा भाचा यांना पकडून नेलें व तिघांचाहि जीव घेतला. सहा वर्षांच्या पोरापासून राज्यास कोणता धोका होता? आमाकासूस दहा वर्षांची शिक्षा झाली आणि तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तो सुटला. नाराशिनो येथील छावणींत तीन हजारांवर कोरियन लोक लष्कराच्या ‘संरक्षणा’खालीं ठेवले होते; त्यांतील कांहींना सैनिकांनीं बाहेर काढून आसपासच्या खेड्यांच्या हवालीं केलें, तें मारण्यासाठींच. त्यांपैकीं ताकात्सु येथें पुरलेलीं प्रेतें १९९८ सालीं उकरून काढण्यांत आलीं.

बंदोबस्त निराळ्या रीतीनेंहि होऊं शकत होता. योकोहामाजवळच्या त्सुरुमी येथील पोलिस ठाण्याचा प्रमुख ओकावा त्सुनेकिची यानें सुमारें ३०० कोरियनांना ठाण्याच्या आश्रयास घेतलें व चालून आलेल्या जमावास तो आडवा झाला. विष घातलें म्हणतात तें पाणी आणा, मी पितों, असें म्हणून तो सर्वांसमक्ष तें प्याला, असें सांगतात. त्याच्यापाशीं इतरांहून अधिक शिपाई किंवा अधिक बातम्या नव्हत्या. फक्त ऐकलेली गोष्ट खरी कीं खोटी हें तपासून पाहण्याची त्याची तयारी होती. १९५३ सालीं तेथील कोरियन रहिवाशांनीं तोझेनजी मंदिरांत त्याचें स्मारक उभारलें.

५ तारखेपासून सरकारचा सूर बदलला आणि कोरियनांस त्रास देऊं नये असें मंत्रिमंडळानें बजावलें. ७ तारखेस देणीं तहकूब करण्याची, नफेबाजी रोखण्याची आणि अफवा पसरविणाऱ्यांस शिक्षा देण्याची, अशा तीन राजाज्ञा निघाल्या. पहिल्या दोन्ही उपयुक्त होत्या. तिसरीची गंमत अशी कीं, सर्वांत दूरवर अफवा पोंचविणारें बिनतारी यंत्र सरकारचेंच होतें! आणि त्या आज्ञेची जागा पुढें १९२५ सालच्या शांततारक्षण कायद्यानें घेतली. तो कायदा कोणाविरुद्ध वापरला गेला हें सुप्रसिद्धच आहे.

पुनर्रचनेच्या कामाचें श्रेय मात्र हिरावून घेतां येणार नाहीं. नवे गृहमंत्री गोतो शिंपेई यांच्या मनांत तीनशें कोटी येनांची भव्य योजना होती. अमेरिकन पंडित चार्ल्स बिअर्ड यांस त्यांनीं सल्ल्यासाठीं बोलाविलें. जमीनदार व त्यांचे पक्षपाती यांच्या विरोधामुळें डिसेंबरांत प्रतिनिधिसभेनें मंजूर केलेली रक्कम ४७ कोटींच्या आसपास आली. तरीहि जमिनीची फेरआंखणी करून, प्रसंगीं मालकाच्या जमिनीचा दहावा हिस्सा मोबदल्यावांचून घेऊन, रुंद रस्ते झाले; सुमिदा नदीवर एइताई व कियोसु यांसारखे पोलादी पूल उभे राहिले; ५२ लहान बागा व ११७ काँक्रीटच्या शाळा झाल्या. १९३० च्या मार्चांत राजधानीनें पूर्तीचा उत्सव केला.

मृतांच्या हिशेबाची फेरआंखणी कोणी केली नाहीं. न्यायखात्यानें मारल्या गेलेल्या कोरियनांची संख्या २३० च्या आसपास दाखविली. कोरियनांनीं केलेल्या तपासाचा आंकडा सहा हजारांवर होता. पथकांतील कांहीं लोकांवर खटले झाले, शिक्षा सौम्य झाल्या, पुष्कळ तहकूब राहिल्या. त्या वेळीं पोलिसखात्यांत मोठ्या पदावर असलेल्या शोरिकी मात्सुतारो यानें १९४४ सालीं आपलें खातें खोट्या बातमीस फसलें होतें असें एका व्याख्यानांत कबूल केलें. २००८ सालीं सरकारच्याच आपत्तिनिवारण मंडळाच्या अहवालांत या हत्यांचा उल्लेख आला, आणि एकूण मृतांपैकीं शेंकडा एक ते कांहीं इतके लोक असे मारले गेले असावेत असा अंदाज देण्यांत आला. तरीहि शतसंवत्सराच्या वर्षीं, २०२३ सालीं, सरकारच्या मुख्य सचिव-मंत्र्यानें वस्तुस्थिति कळण्याजोगे कागद सरकारपाशीं आढळत नाहींत असें सांगितलें.

होंजोच्या त्याच पटांगणावर आतां योकोआमिचो उद्यान आहे. तेथें १९३० सालीं भूकंपांतील मृतांचें स्मारकमंदिर झालें, आणि मारल्या गेलेल्या कोरियनांची शिळा १९७३ सालीं बसविण्यांत आली. दर १ सप्टेंबरास त्या शिळेपाशीं लोक जमतात. टोकियोचे राज्यपाल त्या सभेस श्रद्धांजलीचा संदेश पाठवीत असत. २०१७ सालापासून तो येणें बंद झालें.