ठिपक्यांची भूमिती

मालाडच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. समरूप त्रिकोणांचा पाठ चालला असता मढच्या एका कोळ्याच्या मुलाने विचारले, "सर, हे त्रिकोण कशाला शिकायचे?" मी उडवाउडवीचे उत्तर दिले. खरे उत्तर त्याच्याच वडिलांच्या मोबाइलमध्ये होते! जाळ्यात सापडलेला, पाठभर पांढरे ठिपके असलेला प्रचंड व्हेल शार्क, आणि शेजारी त्याच्यासाठी कापलेले जाळे.

नावात व्हेल असला तरी हा देवमासा नव्हे. मुशीचाच थोरला भाऊबंद. जगातला हा सर्वांत मोठा मासा 40 फुटांहूनही अधिक वाढू शकतो, आणि खातो काय, तर पाण्यातले बारीकसारीक जीव! दक्षिण आफ्रिकेत 1828 साली मारलेल्या एका माशावरून अँड्र्यू स्मिथ या डॉक्टरने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. म्हणजे ओळख झाली ती मेल्यावर. पुढेही बराच काळ तीच रीत चालली. गुजरातेत त्याला 'बॅरल' म्हणत. गळाला पिंपे बांधून त्याला दमवीत आणि यकृताचे तेल होड्यांना चोपडीत. माइक पांडे यांनी ही कत्तल चित्रपटातून दाखवली आणि 2001 च्या मे महिन्यात कायद्याने त्याला अभय मिळाले.

पण मेलेला मासा मोजता येतो. जिवंत ओळखावा कसा? कल्ल्यांमागची ठिपक्यांची मांडणी दर माशाची निराळी, आणि ती वर्षानुवर्षे टिकते. ऑस्ट्रेलियात ब्रॅड नॉर्मन अशी छायाचित्रे जमवीत होते. मात्र शेकडो चित्रे डोळ्यांनी ताडून पाहायची म्हणजे वेड लागायचे काम. तेव्हा जेसन होल्मबर्ग आणि खगोलशास्त्रज्ञ झेवन अर्झुमानियन त्यांच्या मदतीला आले. आकाशाची दोन चित्रे जुळवण्यासाठी एडवर्ड ग्रॉथ यांनी 1986 मध्ये एक युक्ती मांडली होती: तीन-तीन ताऱ्यांचे त्रिकोण करायचे आणि बाजूंची प्रमाणे ताडायची. चित्र लहान असो, मोठे असो, फिरलेले असो. त्रिकोण समरूपच राहतात. ताऱ्यांच्या जागी ठिपके आले. तिघांचा निबंध 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. जुळणी साधली की हाच मासा अमुक साली इथे होता, तमुक साली तिथे, एवढे कळते. मधली वाट मात्र छायाचित्र सांगत नाही. त्यासाठी उपग्रहाशी बोलणारे यंत्र माशाला लावावे लागते.

महाराष्ट्रात 2018 पासून संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापले, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून छायाचित्र लागते. मढचे ते चित्र त्यासाठीच काढलेले होते. त्यात तोंड होते, शेपूट होते, जाळ्याचे भगदाड तर स्वच्छ दिसत होते. नव्हती ती कल्ल्यांमागची डावी बाजू, जी ओळखीसाठी सहसा पाहतात. पोराला पोसणारे जाळे कापून देणाऱ्या माणसाकडे आणखी काही मागायचे जिवावर आले. तरी म्हणालोच, "पुढच्या वेळी जमले तर डावी बाजूही घ्या."

तो हसला. "मास्तर, एवढा मासा जाळ्यात उसळतो, तेव्हा डावं-उजवं कोण बघतो?"

मुलगा मात्र वहीत त्रिकोण काढीत बसला होता.