‘परम’ बदलला, प्रोग्रॅमचे काय झाले?

१/ १९८०च्या दशकात अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक भारताला नाकारला. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पुण्यात ‘परम ८०००’ उभा राहिला. इथपर्यंतची कथा सर्वपरिचित आहे. त्यानंतर यंत्रे बदलत गेली. त्यांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

२/ परम ८००० मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. परम १०००० (१९९८) सनच्या अल्ट्रास्पार्कवर आणि सोलारिसवर चालला, परम पद्म आयबीएमच्या पॉवर४वर आणि एआयएक्सवर, तर परम युवा (२००८) इंटेलच्या झिऑनवर आणि लिनक्सवर. सतरा वर्षांत घर किमान तीनदा बदलले.

३/ सोलारिस आणि एआयएक्स, दोन्ही युनिक्सचेच वंशज. पण १९८८ मध्येच युनिक्सच्या घराण्यात फूट पडली होती. एटी अँड टी आणि सन एका गोटात, आयबीएम, डिजिटल आणि एचपी दुसऱ्या. त्याच वर्षी पॉझिक्स हे समान मानक आले. परंतु कंपायलर प्रत्येक कंपनीचा वेगळाच राहिला.

४/ एक उदाहरण पाहा. सनचा फोर्ट्रान कंपायलर उपप्रोग्रॅमच्या नावापुढे आपणहून अधोरेषा जोडत असे. एआयएक्सवरील आयबीएमचा जोडत नसे. त्यामुळे सी आणि फोर्ट्रान मिसळून लिहिलेला निर्दोष प्रोग्रॅमही दुसऱ्या यंत्रावर ‘नाव सापडत नाही’ म्हणून अडून बसे.

५/ पॉवर४कडून झिऑनकडे येताना अडचण निराळी होती. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो, ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो. एआयएक्सवर संख्येचा मोठा बाइट आधी साठवला जाई, झिऑनवर लहान. जुनी विदा तशीच वाचली, तर संख्या निरर्थक होत.

६/ सर्वांत फसवा फरक उत्तरातला. पॉवर४ गुणाकार आणि बेरीज एकाच आज्ञेत करून आसन्न किंमत एकदाच घेऊ शके. अल्ट्रास्पार्क ती दोनदा घेई. शेवटचा अंक बदले. हवामानाच्या गणितात असा सूक्ष्म फरक दिवसागणिक वाढत जातो. मग वेगळे उत्तर यंत्रामुळे आले की स्थलांतरातील चुकीमुळे, हे कसे ठरवायचे? मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात पावसाचे भाकीत पेरणीशी बांधलेले असते. तिथे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

७/ १९९४ मध्ये आलेल्या एमपीआय मानकाने प्रोसेसरांमधील संवादाची भाषा एक केली. लिनक्सच्या प्रसाराने युनिक्सचे भेद बरेचसे मिटवले. जून २००३ च्या जागतिक यादीत परम पद्म १७१व्या स्थानी होता, ही नोंद आजही सापडते. जुने प्रोग्रॅम त्यावर चालते करणाऱ्यांच्या श्रमांसाठी अशा यादीत रकानाच नसतो. संगणकाचा इतिहास लिहिताना तो रकाना आपणच आखायला हवा.