पांढऱ्या हत्तीचं काय करायचं?

रत्नागिरीचं घर विकायचं ठरल्यावर आम्ही सगळी भावंडं डिसेंबरात तिथे शेवटची जमलो. अमेरिकेतल्या चुलतभावाने एक खेळ काढला. प्रत्येकाने घरातलीच एखादी वस्तू कागदात गुंडाळून मध्ये ठेवायची. मग चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचे. आपली पाळी आली की एकतर नवं पुडकं उघडायचं, नाहीतर दुसऱ्याला मिळालेली वस्तू त्याच्या हातातून काढून घ्यायची. खेळाचं नाव ‘व्हाइट एलिफंट’.

मला आजोबांचा बंद पडलेला रेडिओ आला. तो आत्याने बांधला होता, हे सुतळीच्या गाठीवरूनच कळलं. पुण्यातल्या दोन खोल्यांत तो ठेवणार कुठे? कोणीतरी हिसकावून घेईल म्हणून मी वाट बघत बसले. कोणी घेतला नाही.

खेळ अमेरिकेतून आला, तरी त्यामागची गंमत फार जुनी आहे. रोममध्ये डिसेंबरातल्या सॅटर्नेलिया सणात एकमेकांना भेटी देत. सम्राट ऑगस्टस मेजवानीत पाहुण्यांना चिठ्ठ्या विकायचा, असं चरित्रकार सुएटोनियस सांगतो. कुठल्या चिठ्ठीवर मौल्यवान वस्तू, कुठल्या चिठ्ठीवर क्षुल्लक, हे आधी कळत नसे. चित्रंही पाठ करून लिलावात ठेवायची. मार्शल या कवीने तर अशा भेटींवर दोन-दोन ओळींच्या कवितांचं एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात श्रीमंताची भेट आणि गरिबाची भेट आळीपाळीने येते.

आपल्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण ‘लुटतात’. हिसकावून घेणं आणि हात सैल सोडून वाटणं, या दोन्हींसाठी मराठीत एकच क्रियापद आहे. आमच्या खेळात पहिला अर्थ होता. आत्या बहुधा दुसऱ्या अर्थाने खेळत होती.

खेळाच्या नावामागे एक गोष्ट सांगतात. सयामचा राजा म्हणे मर्जीतून उतरलेल्या सरदाराला पांढरा हत्ती भेट द्यायचा. पवित्र प्राणी, त्यामुळे कामाला जुंपता येत नाही, टाकता येत नाही, पोसता पोसता सरदार भिकेला लागतो. गोष्ट चटपटीत आहे, पण खरी वाटत नाही. सयाम आणि ब्रह्मदेशात पांढरा हत्ती हे राजेपणाचंच लक्षण होतं. राजे तो मिळवण्यासाठी धडपडत. तो दुसऱ्याच्या गळ्यात कशाला मारतील? १८८४ साली बार्नम या सर्कसवाल्याने ब्रह्मदेशातून एक ‘पांढरा’ हत्ती अमेरिकेत नेला. त्याचा रंग करडा-गुलाबीसर निघाला आणि लोक हिरमुसले.

त्या वेळी ब्रह्मदेशाच्या गादीवर थिबा होता. नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रिटिशांनी मंडाले घेतलं. राजवाड्यातला पांढरा हत्ती थोड्याच दिवसांत मेला आणि राजाची रवानगी आधी मद्रासला आणि १८८६ साली आमच्या रत्नागिरीत झाली. सरकारला त्याला सोडता येत नव्हतं, मारता येत नव्हतं. तनखा देऊन पोसणं भाग होतं. १९१० साली त्याच्यासाठी खाडीकडे तोंड करून राजवाडा उभा राहिला. १९१६ साली तो इथेच गेला. पांढऱ्या हत्तीचा धनी स्वतःच साम्राज्याचा पांढरा हत्ती झाला होता.

लहानपणी आजोबा आम्हाला तो वाडा दाखवायला न्यायचे. राजाबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा.

खेळ संपल्यावर आत्या जवळ आली. “जड होत असेल तर राहू दे गं. उद्या भंगारवाला येणारच आहे.”

म्हणजे तिने माझा चेहरा पाहिला होता. “जड कसला?” म्हटलं आणि रेडिओ उचलला. खरोखरच जड होता.

आता तो माझ्या फ्रिजवर आहे. वाजत नाही. आत्या फोनवर दर वेळी विचारते, “बसला ना गं नीट?” मी “हो” म्हणते. तेवढ्यासाठी तो पोसायला परवडतो.