धुणे, घरगुती
कुटुंबाच्या वापरातील कपडे ठराविक काळाने व ठराविक क्रमाने धुऊन पुन्हा वापरायोग्य करण्याचे काम. कपडे निवडणे, भिजविणे, चोळणे किंवा धोपटणे, खळबळणे, पिळणे, वाळविणे आणि घड्या घालणे हे या कामाचे टप्पे जवळजवळ सर्वत्र सारखेच आहेत. ते रोज करावयाचे, आठवड्यातून एकदा की वर्षातून दोनदा, ही वहिवाट मात्र देशोदेशी व काळोकाळी बदलत गेली आहे. ती केवळ स्वच्छतेच्या आवडीवरून ठरत नाही. पाणी किती दुरून आणावे लागते, ते तापविण्यास सरपण किती लागते, घरात कपडे किती आहेत आणि धुणारे हात कोणाचे आहेत, या गोष्टी तिच्या मुळाशी असतात. यांपैकी शेवटच्या गोष्टीकडे इतिहासलेखकांचे लक्ष फार उशिरा गेले.

यूरोपच्या ग्रामीण भागात, विशेषतः फ्रान्समध्ये, वर्षातून दोन-तीनदा ‘मोठे धुणे’ काढण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापर्यंत व काही ठिकाणी त्यानंतरही होती. मोठ्या पिंपात कपडे रचून त्यांवर जाड कापडात लाकडाची राख ठेवीत आणि तीवरून कढत पाणी पुनःपुन्हा ओतीत. राखेतील पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात उतरून मळ सुटे. नंतर नदीवर किंवा झऱ्यावर नेऊन ते कपडे धोपटीत. अशा पद्धतीत मधले महिने निभावण्यास पुरेल इतक्या चादरी व अंतर्वस्त्रे घरात असावी लागत. त्यामुळे क्वचित होणारे धुणे हे अस्वच्छतेचे नव्हे, तर सुबत्तेचे लक्षण समजले जाई. रोज किंवा दर आठवड्यास धुवावे लागणे म्हणजे कपडे थोडे असल्याची कबुली होती.

सुती कापड स्वस्त झाल्यावर आणि साबणास लागणारा सोडा कारखान्यांत तयार होऊ लागल्यावर ब्रिटन व अमेरिका या देशांत आठवड्याचे धुणे रूढ झाले. रविवारी कपडे बदलले जात आणि रविवारच्या जेवणातील मांस उरलेले असे. म्हणून सोमवारी चूल धुण्यासाठी मोकळी सापडे. कॅथरिन बीचर व हॅरिएट बीचर स्टो या भगिनींच्या १८६९ मधील गृहव्यवस्थेवरील ग्रंथात याहून थोडी वेगळी आखणी दिली आहे : सोमवारी कपड्यांची निवड व पूर्वतयारी, मंगळवारी धुणे, बुधवारी इस्त्री, गुरुवारी उरलेली इस्त्री, घड्या व दुरुस्तीचे कपडे बाजूस काढणे. आखणी साधी दिसते. श्रम साधे नव्हते. एक धुणे, एक उकळी व एक खळबळणी यांना सु. ५० गॅलन, म्हणजे सु. १९० लि. पाणी लागे. तेवढे वजन नळ नसलेल्या घरात बादल्यांनी आणावे, तापवावे व पुन्हा ओतून द्यावे लागे. शेजारच्या अनेक कुटुंबांनी मिळून सामाईक धुलाईघर चालवावे, ही सूचना याच ग्रंथात आहे आणि ती तिच्या वेळापत्रकापेक्षा अधिक दूरदर्शी म्हणावी लागेल.

शहरांतील गरिबांपाशी पाणी तापविण्याचीही सोय नसे. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे १८३२ मध्ये पटकीची साथ आली, तेव्हा किटी विल्किन्सन या श्रमजीवी स्त्रीने आपल्या घरातील पाणी तापविण्याचे भांडे शेजाऱ्यांना कपडे व अंथरुणे धुण्यासाठी खुले केले. पटकीचा जंतू तेव्हा अज्ञात होता. तरी उकळत्या पाण्याचा उपयोग तिने अनुभवाने जाणला होता. तिच्या खटपटीला प्रतिष्ठितांचे पाठबळ मिळून लिव्हरपूलमध्ये १८४२ साली सार्वजनिक स्नानगृह व धुलाईघर उघडले गेले आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने अशी घरे बांधण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देणारा कायदा केला.

ज्यांना परवडे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपविले. अमेरिकेच्या दक्षिण भागात १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर असंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया धुण्यावर उपजीविका करू लागल्या. सोमवारी घरोघरचे कपडे गोळा करावयाचे व शनिवारी इस्त्री करून पोहोचवावयाचे, असा त्यांचा आठवडा असे. काम आपल्याच अंगणात व मुलांबाळांकडे पाहत करता येई, म्हणून मालकाच्या घरातील चाकरीपेक्षा ते त्यांना पसंत होते. जुलै १८८१ मध्ये अटलांटा येथील सु. २० धुणेकरणींनी संघटना स्थापून १२ पौंड कपड्यांना एक डॉलर असा दर मागितला व संप पुकारला. तीन आठवड्यांत संपकऱ्यांची संख्या ३,००० वर गेली. काहींना अटक व दंड झाला. दरसाल २५ डॉलरचा परवाना लादण्याचा प्रस्ताव नगरपरिषदेपुढे आला. दर ठरविण्याचा अधिकार आमच्याकडे राहत असेल, तर परवान्याचे पैसे भरू, असे त्यांनी महापौरांना कळविले. पुढे तो प्रस्ताव बारगळला.

महाराष्ट्रात आठवड्याच्या धुण्याची वहिवाट सहसा रुजली नाही. उष्ण हवा, घाम, रोजचे स्नान आणि मोजकीच वस्त्रे यांमुळे अंगावरचे कपडे रोज धुणे हाच येथील नियम राहिला. नदी, ओढा, विहीर किंवा परसातील दगड ही धुण्याची जागा आणि थंड पाणी हे मुख्य साधन होय. मळ काढण्यासाठी रिठा, राख व खारी माती वापरीत. सनातनी घरांत या कामाला सोवळ्याची जोड होती. स्वयंपाक व पूजा यांसाठीचे वस्त्र स्वतः धुऊन, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून काठीने उंच दांडीवर वाळत घालीत. नऊवारी लुगडे पिळणे व काठीने दांडीवर सरळ पसरणे हे कसबाचे काम होते आणि मुलींना ते लहानपणीच शिकावे लागे.

जाड व फार मळलेले कपडे परटाकडे जात. परीट हा गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी एक. कपड्यांना खार लावून तो भट्टी लावी, म्हणजे ते वाफेवर शिजवी आणि नंतर नदीच्या दगडावर आपटून धुई. अनेक घरांचे कपडे एकत्र येत असल्याने प्रत्येकावर बिब्ब्याच्या रसाने खूण करीत; ही खूण धुण्याने जात नाही. मोबदला म्हणून सुगीत धान्य मिळे. लग्नकार्यात पायघड्या घालण्याचा मानही त्याचा असे. तथापि मानाबरोबर कमीपणाही होता. परटाकडून धुऊन आलेले वस्त्र सोवळ्यात चालत नसे, ते घरी पुन्हा पाण्यातून काढावे लागे. मळ काढणाऱ्यालाच मळाचा दोष लावणारी ही रीत समाजाने फारशी शंका न घेता पाळली. ‘परीटघडी’ हा शब्द मात्र मराठीत टापटिपीचा वाचक होऊन बसला. गावोगाव हाती खराटा घेऊन स्वच्छतेचा प्रसार करणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) याच समाजात जन्मले होते.

मुंबईसारख्या शहरात बलुत्याची जागा रोख दराने घेतली. महालक्ष्मी येथील धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा असून ओळीने बांधलेल्या उघड्या हौदांत तेथे शहरभरचे कपडे धुतले जात आले आहेत. धोबीतलाव हे नाव त्याआधीच्या, आता बुजविलेल्या तळ्याची आठवण देते. चाळींत धुण्याची वेळ ठरविली ती नगरपालिकेच्या नळाने. पाणी थोडाच वेळ येई. त्या वेळात पिण्याचे पाणी भरून सामाईक मोरीत धुणे उरकावे लागे. गृहव्यवस्थेच्या पुस्तकांतील वेळापत्रके या वस्तुस्थितीपुढे निरुपयोगी ठरत.

विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ मध्ये कलकत्त्यास उतरल्या आणि पुढे देशी कारखान्यांतही धुण्याच्या वड्या निघू लागल्या [→ साबण]. तथापि अनेक विहिरींच्या दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस न होता साका बनतो व तो कपड्यांवर बसतो. संश्लेषित प्रक्षालकांनी ही अडचण दूर केली. भारतात १९५९ मध्ये सर्फ ही भुकटी बाजारात आली. पण तिची किंमत मध्यमवर्गालाही जड होती. अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या निरमा या स्वस्त भुकटीमुळे प्रक्षालक सामान्य घरांत पोहोचले. कपडे भुकटीच्या पाण्यात भिजत घालून मग धुण्याची आजची सवय मुख्यत्वे तेव्हापासूनची आहे.

धुलाईयंत्राने सर्वांत जड श्रम, म्हणजे घासणे, आपटणे व पिळणे, माणसाच्या हातून काढून घेतले. घरगुती स्वयंचलित यंत्र अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये विक्रीस आणले. रूथ श्वार्त्स कोवन या इतिहासकार स्त्रीने १९८३ मधील आपल्या ग्रंथात त्याची दुसरी बाजू दाखविली आहे. यंत्र घरात येताच धुलाईगृहांकडे व धुणेकरणींकडे जाणारे कपडे घरी परतले आणि ते अधिक वेळा धुतले जाऊ लागले. परिणामी गृहिणीचे श्रम हलके झाले, पण तिचा वेळ त्या प्रमाणात वाचला नाही. निवडणे, वाळत घालणे, पावसाळ्यात ओले कपडे या खोलीतून त्या खोलीत हलविणे, घड्या घालणे ही कामे साधे यंत्र करीत नाही. म्हणून रोज एकच खेप लावून ती त्याच दिवशी घडी करून कपाटात ठेवणे ही लहान कुटुंबास सोयीची पद्धत ठरते; पाणी किंवा वीज यांची टंचाई असेल, तेथे कपडे साठवून यंत्र पूर्ण भरणे अधिक काटकसरीचे होते.

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाने यंत्राआधी, आणि पुष्कळदा यंत्राबरोबरही, धुणीभांडी करणाऱ्या मोलकरणीवर भिस्त ठेवली. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी पगारवाढ व सुटी यांसाठी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी मंडळ स्थापण्याचा कायदा राज्यात २००८ मध्ये झाला. बिनपगारी हातांची मोजदाद त्यानंतरची आहे. भारत सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देत होते. ही सरासरी केवळ घरकामात प्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांची आहे. पाहणीच्या दिवशी असा भाग घेतलेल्यांचे प्रमाण स्त्रियांत सु. ८१ टक्के व पुरुषांत सु. २६ टक्के होते.