कोल्हापूरच्या पाद्र्याचा मुलगा

कोल्हापुरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चवरून आपण आजवर किती वेळा गेलो असू! दिवाळीला आलेल्या पाहुण्याला आपण अंबाबाईचे दर्शन घडवितो, रंकाळ्यावर नेतो, खासबाग मैदान दाखवितो आणि रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्शाने त्याचा घाम काढतो. पण हा वायल्डर कोण, असे त्याने विचारलेच, तर "होता कुणी जुना पाद्री" यापलीकडे आपली मजल जात नाही. हे उत्तर चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. आज शिक्षण संपवून परक्या देशातल्या खेड्यात वर्ष-दोन वर्षे शाळा चालवायला, झाडे लावायला, विहिरी खणायला जाणारे तरुण 'व्हॉलंटियर' म्हणवतात. त्या शब्दाचा माग काढीत गेले, तर एक वाट थेट कोल्हापुरातल्या या पाद्र्याच्या घरापाशी येते.

रॉयल गोल्ड वायल्डर हा अमेरिकेतल्या व्हरमाँटचा. जन्म १८१६ चा. १८४६ साली तो अहमदनगरच्या मिशनात आला आणि १८५२ साली कोल्हापुरात. त्या वेळचे कोल्हापूर म्हणजे ना रेल्वे, ना कॉलेज. गादीवर बाबासाहेब महाराज आणि कारभारावर कंपनी सरकारची करडी नजर. अशा गावात हा गोरा माणूस आपली बायको एलायझा हिला घेऊन उतरला आणि त्याने शाळा काढल्या.

येथेच त्याचे बोस्टनच्या वरिष्ठांशी बिनसले. मिशनचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानचा दौरा करून गेले, ते एक मत पक्के करून. धर्मोपदेशकाने उपदेश करावा, शाळा चालविणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. इंग्रजी शाळांवर पैसा खर्च करण्यात अर्थ नाही. त्यानंतर मिशनच्या पुष्कळ शाळा बंद पडल्या. वायल्डरला हे मानवेना. १८५७ साली प्रकृतीच्या कारणाने तो मायदेशी गेला, तो तेथेही भांडतच राहिला आणि १८६१ साली मिशनच्या शाळांवर त्याने एक पुस्तकच छापले. बोर्डाने त्याच्यावरचा हात काढून घेतला. तेव्हा हा गृहस्थ मित्रांनी दिलेल्या पैशांवर, कुणाचा नोकर म्हणून नव्हे तर स्वतःच्या जबाबदारीवर, पुन्हा कोल्हापुरास आला! पुढे १८७० साली प्रेसबिटेरियन बोर्डाने त्याचे काम आपल्याकडे घेतले. मधली नऊएक वर्षे त्याने अशीच काढली.

त्याचा हेतू आपण झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्याला या मुलखातले लोक ख्रिस्ती व्हावयास हवे होते. तीन हजारांवर गावांत त्याने प्रवचने केली, तीस लाख पाने वाटली आणि मराठी बायबलाच्या संशोधन समितीत काम केले, अशी नोंद आहे. या साऱ्याच्या मानाने धर्म बदलणारे फार थोडे निघाले. उलट त्याच्या शाळांत एकूण तेहतीसशे मुले शिकून गेली आणि त्यांत तीनशे मुली होत्या. त्या काळी मुलीला पाटी देणे म्हणजे काय होते, हे सावित्रीबाईंची कथा ऐकलेल्या मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. कोल्हापूरकरांनी प्रवचन बाजूला ठेवले आणि शाळा घेतली, असे मला वाटते. आपला माणूस अशा बाबतीत पहिल्यापासूनच हिशेबी!

याच घरात १८६३ साली रॉबर्टचा जन्म झाला. त्याचे बालपण येथेच गेले. १८७० नंतरच्या दशकात वडिलांची प्रकृती पार ढासळली, म्हणून कुटुंब अमेरिकेस परतले आणि प्रिन्स्टनला राहू लागले. तेथील कॉलेजात रॉबर्टने परदेशी सेवेला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ १८८३ साली काढले. बहीण ग्रेस ही त्याची खरी साथीदार.

१८८६ च्या जुलैत मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन येथे कॉलेजच्या अडीचशे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. सुरुवातीला परदेशी जावयास तयार असलेली मुले वीस-एकवीस होती. रॉबर्ट एकेकाला गाठून बोलत राहिला. एका संध्याकाळी दहा देशांच्या तरुणांना उभे करून त्याने आपापल्या भाषेत चार शब्द बोलावयास लावले. शिबिर संपता संपता शंभर मुलांनी प्रतिज्ञेवर सह्या केल्या होत्या. आता कुणीतरी कॉलेजाकॉलेजांतून फिरून ही गोष्ट सांगितली पाहिजे, असे ठरले. पण इकडे म्हातारा वायल्डर अंथरुणाला टेकलेला. जावे की बापाजवळ राहावे? रॉबर्टने वडिलांनाच विचारले आणि त्यांनी त्याला जा म्हणून सांगितले. लाहोरच्या पाद्र्याचा मुलगा जॉन फोरमन सोबतीला घेऊन तो दीडशेहून अधिक संस्था फिरला आणि दोन हजारांवर तरुण-तरुणींनी नावे दिली. १८८७ च्या ऑक्टोबरात रॉयल वायल्डर वारला. पुढच्याच वर्षी 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' रीतसर स्थापन झाली. तिच्यातर्फे पुढल्या साठ वर्षांत वीस हजारांवर माणसे परदेशी गेली.

या माणसांत नुसते उपदेशक नव्हते. डॉक्टर होते, शिक्षक होते, शेतकी जाणणारेही होते. त्या काळाची हवाच तशी होती. मिरजेला १८९४ साली वानलेस यांचे इस्पितळ उभे राहिले, त्याचे उपकार सांगली-कोल्हापूरच्या कितीतरी घरांवर आहेत. माउंट हर्मनच्या शाळेतच शिकलेल्या सॅम हिगिनबॉटमने अलाहाबादला यमुनाकाठची ओघळींनी कुरतडलेली जमीन बांध घालून पिकाखाली आणली आणि १९१० साली शेतकी शिक्षणसंस्था काढली. म्हाताऱ्या वायल्डरने ज्या मुद्द्यावर बोस्टनशी भांडण मांडले होते, तो असा त्याच्या मागे हळूहळू खरा ठरत गेला. १९६१ साली अमेरिकेने 'पीस कोअर'चे तरुण हिंदुस्थानात धाडले, तेव्हा त्यांच्या हाती बायबल नव्हते. परंतु कॉलेजातून उठून थेट परक्या खेड्यात जाण्याची रीत जुनीच होती.

रॉबर्ट स्वतः १८९२ साली हिंदुस्थानात परत आला आणि विद्यार्थ्यांत काम करू लागला. १९३८ साली नॉर्वेत तो वारला.

त्याच वर्षी, १ सप्टेंबरला, मुंबईच्या धक्क्यावरून एक बोट उलट्या दिशेने निघाली. जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने पाठविलेले पाच डॉक्टर तिच्यावर होते. त्यांतले दोघे मराठी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. आजवर परदेशी माणसे आपल्याकडे येत होती, आता आपली माणसे जात होती आणि तीही कुणाला आपल्या धर्मात ओढण्यासाठी नव्हे. चोळकर वयाने ज्येष्ठ होते. ते लवकर परतले आणि लोक त्यांना विसरले. कोटणीस राहिले. वडील गेल्याची बातमी चीनमध्ये आली, तरी राहिले. रॉबर्टला निदान विचारावयास बाप समोर होता. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, उत्तर चीनमधल्या एका खेड्यात कोटणीसांचा अंत झाला. १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढून त्यांची भूमिका स्वतः करणारे व्ही. शांताराम हे कोल्हापूरच्याच मातीतले.

कोटणीस गेले, तेव्हा त्यांचा आणि क्वो छिंगलान यांचा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. त्याचे नाव यिनहुआ. चिनी भाषेत यिन म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन.