नवख्याचा प्रश्न: यूजनेटच्या इतिहासातलं एक साधन

संशोधनाची तयारी करणारे काही जण मला विचारतात, "इंटरनेटचा इतिहास लिहायचा म्हटलं तर साधनं कुठून आणायची? दप्तर नाही, पत्रव्यवहार नाही." साधनं आहेत, उलट फार आहेत. कुठलं कशासाठी वापरायचं, हा खरा प्रश्न. आज एकच प्रकार घेऊ: नवीन आलेल्या माणसाने विचारलेला साधा, थोडासा बावळट वाटणारा प्रश्न. माझ्या मते एखाद्या समूहाचे अलिखित नियम समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. पण ते वापरताना हात थोडा आखडताच घ्यावा लागतो.

उदाहरण यूजनेटचं. 1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनने सुरुवातीचा प्रोग्रॅम लिहिला आणि 1980 मध्ये हे जाळं लोकांसमोर आलं. याला मधोमध मुख्य संगणक नव्हता. एका ठिकाणचा संगणक दुसऱ्याला फोन लावायचा, बहुतेकदा रात्री, कारण तेव्हा कॉलचे दर कमी. मग दोघं आपापल्याकडचे नवे संदेश एकमेकांना द्यायचे. दुसरा तेच तिसऱ्याला. म्हणजे मालक कोणीच नाही, आणि प्रत्येकाकडे स्वतःची प्रत.

आता याचा रोजच्या गप्पांवर काय परिणाम होईल, विचार करा. संदेश सगळीकडे पोचायला कधी कधी दिवस लागायचे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वाटेने. त्यामुळे एखाद्या विद्यापीठात उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असंही व्हायचं! म्हणून आधीच्या माणसाच्या मोजक्या ओळी, पुढे कोनाची खूण लावून, आपल्या उत्तरात पुन्हा द्यायची पद्धत रुळली. ईमेलमध्ये ती खूण तुम्ही पाहिली असेल. नुसतं "हो, मलाही तसंच वाटतं" लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणार काय? जुन्यांना हे अंगवळणी पडलेलं होतं, नवख्याला कोण सांगणार?

इथेच आपलं साधन तयार होतं. सगळे नियम पाळत असतात तेव्हा नियम कोणी लिहून ठेवत नाही. नवखा चुकतो, मग कोणीतरी वैतागून किंवा प्रेमाने समजावतं, आणि तो नियम पहिल्यांदा शब्दांत उतरतो. तेच तेच प्रश्न येऊ लागले म्हणून 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न', म्हणजे आपले एफएक्यू, लिहिले गेले आणि ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा टाकले जाऊ लागले. नवख्यांसाठी मार्गदर्शिकाही होत्या. जीन स्पॅफर्ड यांनी त्या वर्षानुवर्षं नियमित प्रसिद्ध केल्या. पलीकडे माणूस आहे हे विसरू नका, उपरोध जपून करा, अशा सूचना त्यांत आहेत. सूचना उलटी वाचली की त्या काळी रोज काय बिघडत होतं ते दिसतं.

नवख्यांची लाट यायची सप्टेंबरच्या सुमारास. अमेरिकेत वर्ष सुरू झालं, विद्यार्थ्यांना खाती मिळाली, की महिनाभर गोंधळ. 1993-94 च्या सुमारास मात्र लाट ओसरेनाच. 1994 मध्ये अमेरिका ऑनलाइनने आपल्या ग्राहकांना यूजनेट उघडून दिलं, तेव्हा तर नाहीच. जुन्यांनी या काळाला 'न संपणारा सप्टेंबर' म्हटलं. खूप लेखांत हे नाव वस्तुस्थिती असल्यासारखं येतं. मला ते पटत नाही. ती एका बाजूची तक्रार आहे. (होस्टेलमधल्या प्रत्येक सीनियर बॅचला वाटतंच ना, की आपल्यानंतर शिस्त गेली!) नवख्यांना काय वाटलं हे त्या नावात कुठेच नाही. ते शोधायला त्यांच्याच पोस्ट वाचाव्या लागतात. आपल्याकडच्यांना जवळचं म्हणजे परदेशी शिकणाऱ्या भारतीयांचा 'सॉक.कल्चर.इंडियन', आणि पुढे मराठीसाठीचा वेगळा गट. तिथे रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांचं स्पेलिंग पाहणं हाच एक अभ्यास होईल.

पण या पोस्ट आपल्यापर्यंत आल्या कशा? डिस्कवर जागा नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी संदेश काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पुसले जायचे. टोरंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी 1981 ते 1991 मधले संदेश 141 चुंबकीय टेपवर साठवले. वीस लाखांहून जास्त. 1995 मध्ये डेजान्यूजने शोधता येईल असा संग्रह सुरू केला. 2001 मध्ये तो गूगलने घेतला आणि त्याच वर्षी टोरंटोच्या टेपही त्यात आल्या. म्हणजे सुरुवातीच्या दशकाबद्दल आपण जे बोलतो ते बरंचसं एका विभागाच्या संगणकावर पोचलेल्या प्रतीवरून. पोचलं नाही ते नाही. शिवाय तिथला क्रम हा तिथला क्रम, इतरत्र तीच गप्पा वेगळ्या क्रमाने वाचली गेली असणार. प्रबंधात 'यूजनेटवर असं म्हटलं गेलं' असं सरसकट वाक्य लिहायच्या आधी हे आठवा.

आणि दुसरी, मला जास्त अवघड वाटणारी गोष्ट. 1985 मध्ये एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाने काहीतरी विचारलं, चारचौघांत हसं झालं, तेव्हा त्याला वाटत होतं की महिन्याभरात हे पुसलं जाईल. आज तो साठीच्या आसपास आहे आणि त्याचं पूर्ण नाव त्या पोस्टखाली आहे. पोस्ट सार्वजनिक होती, मग नावासकट द्यायला काय हरकत, असं म्हणणारे संशोधक आहेत. मी त्यांच्यात नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या मायकेल हॉबेनने नव्वदीच्या सुरुवातीला यूजनेटवरच उघडपणे प्रश्न टाकले आणि लोकांनी त्याला उत्तरं पाठवली. त्यातून पुढे 'नेटिझन्स' हे पुस्तक आलं. तिथे लिहिणाऱ्याला माहीत होतं की आपण अभ्यासासाठी लिहितोय. जुन्या टेपवरच्या मुलाला माहीत नव्हतं.

म्हणून मी सध्या असं करतोय: मार्गदर्शिका लिहिणारे, प्रोग्रॅम लिहिणारे यांची नावं देतो, कारण ते त्या नावाने जाहीर काम करत होते. नवख्याचं नाव, विद्यापीठ काहीच देत नाही, आणि शब्दही जसेच्या तसे ठेवत नाही. मूळ इंग्रजी वाक्य दिलं की शोधपेटीत टाकून कोणीही माणसापर्यंत पोचतं, मराठीत सांगितलं की ते बरंच अवघड होतं. परीक्षक मूळ संदर्भ मागतात, तो वेगळ्या वहीत आहे, गटाचं नाव आणि तारखेसकट. ती वही प्रबंधाला जोडायची की नाही, यावर माझ्या मार्गदर्शकांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.